दुःख कोणाचे, दोष कोणाचा? : मराठी ख्रिस्ती कवितेतील दुरिताची जाणीव

१

मराठीतील ख्रिस्ती कवितेवर आजवर जी समीक्षा झाली तिचा भर प्रामुख्याने दोन गोष्टींवर राहिला आहे. या कवितेची भाषा किती मराठी आहे, ही एक. आणि तिची भक्ती किती वारकरी आहे, ही दुसरी. फादर स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'संबंधी बोलताना आपण मराठीची थोरवी गाणाऱ्या ओव्यांपाशी थबकतो, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या 'अभंगांजली'संबंधी बोलताना तुकोबांचे नाव घेऊन समाधान पावतो. हे दोन्ही विचार चुकीचे नाहीत. परंतु या दोन विचारांच्या मधून एक तिसरा विचार सतत निसटून गेला आहे, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

ख्रिस्ती धर्मकल्पनेच्या केंद्रस्थानी वधस्तंभ आहे. एका निरपराध माणसाला, श्रद्धावंताच्या दृष्टीने प्रत्यक्ष देवाला, राज्यसत्तेने कायद्याचे नाव घेऊन तेथे ठार केले. म्हणजे या धर्माच्या मुळाशीच दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत : दुःख कोणी सोसले, आणि ते कोणी दिले. पहिला प्रश्न वेदनेचा आहे, दुसरा दुरिताचा. मराठीतील ख्रिस्ती कवितेने पहिल्या प्रश्नाचे उत्तर अत्यंत समरसून दिले. दुसऱ्या प्रश्नापाशी ती बहुतांशी मुकी राहिली, असे माझे मत आहे. हे मुकेपण केवळ कवींच्या स्वभावातून आलेले नाही. त्याला ऐतिहासिक कारण आहे, आणि ते कारण समजून घेतल्याखेरीज या कवितेचे भारतीय साहित्यातील स्थान नीट ठरवता येणार नाही.

हा प्रश्न तीव्रतेने जाणवला तो युक्रेनियन कवितेच्या वाचनामुळे. तेथील श्रेष्ठ कवींनीही वधस्तंभाचीच प्रतिमा वापरली; पण तिच्याकडे पाहताना त्यांची दृष्टी खिळे ठोकणाऱ्या हातांवरही खिळलेली राहिली. एकाच प्रतिमेकडे दोन भाषांनी दोन बाजूंनी पाहावे, याचे कारण शोधणे हे तौलनिक साहित्याभ्यासाचे कामच आहे.

२

मराठी मनाची दुरितासंबंधीची कल्पना ख्रिस्ती धर्म येथे येण्यापूर्वीच घडलेली होती, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस जे पसायदान आहे त्यात दुष्टांचा नाश मागितलेला नाही. त्यांच्यातील वाकडेपणा तेवढा जावा, असे मागणे आहे. या कल्पनेत दुष्टपणा हा माणसापासून वेगळा काढता येण्याजोगा आहे. तो अंधारासारखा आहे, आणि उजेड आला की नाहीसा होणारा आहे. वाईट हे स्वतंत्र सत्त्व नसून चांगल्याचा अभाव आहे, असे जे संत ऑगस्टिनने मांडले, त्याच्याशी या कल्पनेचे नाते जुळण्यासारखे आहे. मात्र ऑगस्टिनने त्याबरोबरच आदिपापाचा भार मानवजातीच्या माथ्यावर ठेवला. ज्ञानदेवांना तसे करण्याची गरज वाटली नाही.

दुसरी कल्पना कर्मविपाकाची. तिचा सर्वांत करुण आविष्कार चोखामेळ्याच्या अभंगांत आहे. आपल्या हीन मानल्या गेलेल्या जन्माचे कारण तो पूर्वजन्मीच्या दोषात शोधतो. दुःख खरे आहे, तीव्र आहे, देवापुढे त्याचे गाऱ्हाणेही आहे. पण ते देणारा माणूस त्या स्पष्टीकरणात कोठेच उरत नाही. चोखोबाचा मुलगा कर्ममेळा मात्र देवालाच जाब विचारतो. मला हा जन्म का दिलास, हा त्याचा प्रश्न कर्माच्या उत्तराने शांत होत नाही. पुढे तुकोबांनी विठ्ठलाशी मांडलेल्या भांडणाचे एक मूळ येथे आहे. असे असले तरी हे भांडण भक्त आणि देव यांच्यामधले आहे. देवळाच्या दारात उभा राहून आडवा हात करणारा तिसरा माणूस त्या संवादात क्वचितच साक्षीला बोलावला जातो.

ख्रिस्ती कल्पना मराठीत आली ती या भूमीवर. तेव्हा तिच्यापुढे दोन मार्ग होते. तिने येथील भक्तिभावाशी आपले नाते जोडावे, हा एक. आणि त्या तिसऱ्या माणसाकडे बोट दाखवावे, हा दुसरा. तिने पहिला मार्ग पत्करला.

३

थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) हा इंग्लंडात जन्मलेला येशूसंघी १५७९ साली गोव्यास पोहोचला आणि त्याचे आयुष्य प्रामुख्याने साष्टीत गेले. त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. त्या छापील प्रती आज उपलब्ध नाहीत. १९०७ साली मंगळूर येथे जोसेफ साल्ढाणा यांनी काढलेल्या आवृत्तीमुळे हा ग्रंथ अभ्यासकांच्या हाती आला, आणि शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली पुण्याहून तो देवनागरीत प्रसिद्ध केला. दोन पुराणे, पहिल्यात छत्तीस व दुसऱ्यात एकोणसाठ अवस्वर, आणि एकूण १०,९६२ ओव्या असा या ग्रंथाचा विस्तार आहे.

दुरिताची संपूर्ण दैवतकथा मराठीत प्रथम येथे आली. देवदूतांचे बंड आणि पतन, आदाम-एवेचा मोह, काइनाचा भ्रातृवध, जलप्रलय हे सारे पहिल्या पुराणात आहे. दुरित हे अहंकारी, बुद्धिमान, स्वतंत्र इच्छा असलेले व्यक्तिमत्त्व आहे, ही कल्पना मराठी श्रोत्यांना नवी होती. तरीही ती सांगण्यासाठी जे शब्द वापरावे लागले ते जुनेच होते. स्वर्गाला स्टीफन्सने वैकुंठ म्हटले. गोव्यातील ख्रिस्ती परंपरेत सैतानाला देवचार हा शब्द रूढ झाला. हा शब्द विचार करण्याजोगा आहे. गोमंतकाच्या हिंदू लोकश्रद्धेत देवचार हा गावच्या सीमेचा राखणदार. रात्री-अपरात्री वाट चुकलेल्याला घरी पोहोचवणारा. तोच एका कुंपणापलीकडे दुरिताचा स्वामी झाला. एका समाजाचा रक्षक हा दुसऱ्याचा सैतान ठरणे, ही घटना शब्दकोशातली वाटली तरी तिच्यामागे गावांच्या फाळणीचा इतिहास उभा आहे.

तो इतिहास या काव्यात येत नाही. साष्टीतील देवळे १५६७ साली पाडली गेली. १५८३ साली कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघी मारले गेले आणि त्यानंतर गावाला कठोर शासन भोगावे लागले. पुराण ऐकणाऱ्या श्रोत्यांच्या बापजाद्यांनी हे सर्व पाहिले होते. आपल्या जुन्या पुराणांच्या जागी काही तरी ऐकावयास मिळावे, ही गरज त्या ग्रंथाच्या निर्मितीमागे आहे, आणि त्यातील ब्राह्मण श्रोत्याच्या प्रश्नांतून ती व्यक्तही होते. परंतु ती पोकळी कोणी निर्माण केली, याविषयी काव्य बोलत नाही. ते बोलणे शक्यही नव्हते. आदामाने गमावलेल्या नंदनवनाचे दुःख ज्या ओव्यांनी इतक्या आर्ततेने सांगितले, त्या ओव्यांना श्रोत्यांनी गमावलेल्या देवळाविषयी मौन पाळावे लागले. दुरित विश्वाच्या आरंभी ठेवले गेले. त्यामुळे ते काल-परवाच्या घटनांत शोधण्याचे कारण उरले नाही.

अर्थात यावरून 'क्रिस्तपुराणा'चे वाङ्मयीन मोल कमी होत नाही. आपल्या प्राचीन काव्यात मानवी दुःखाचे इतके मोठे कथानक थोड्याच ग्रंथांत आहे. सांगावयाचे एवढेच की, मराठीतील ख्रिस्ती कवितेच्या या पहिल्या पावलातच दुःख जवळचे आणि दुरित दूरचे, अशी विभागणी झाली.

४

यानंतर जवळजवळ तीन शतकांनी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्याशी आपण येतो. ही तीन शतके रिकामी नव्हती. पण आधुनिक मराठी कवितेत ख्रिस्ती अनुभवाला स्वतंत्र आवाज मिळाला तो टिळकांच्या रूपाने, यात दुमत होऊ नये. आणि या आवाजाचा उगम, योगायोगाने, हा लेख जेथे लिहिला जात आहे त्या भिलाईच्या रुआबांध्यापासून फार दूर नाही. १८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. त्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाशी त्यांचे बोलणे झाले आणि त्याने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. त्या ग्रंथातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांना जिंकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दुर्ग-भिलाईकडे येणारा हाच लोहमार्ग. भिलाई हे नाव देशाला पोलादामुळे ठाऊक झाले ते मात्र पुष्कळ नंतर, १९५५ च्या सोव्हिएत कराराने आणि १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटल्यावर.

तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे टिळकांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. या सेतूवरून पलीकडे काय गेले ते आपण पाहिले आहे : अभंगाचा छंद गेला, आर्तता गेली, देवाला माउली म्हणण्याची सलगी गेली, विरहाची तळमळ गेली. सेतूवरून अलीकडे काय आले, हे मात्र आपण फारसे पाहिले नाही. दुःख भोगणारा देव ही कल्पना अलीकडे आली. विठ्ठल भक्तासाठी धावतो, त्याची कामे करतो. पण त्याच्यासाठी मरत नाही. टिळकांच्या अभंगांतला देव जखमी आहे, आणि त्या जखमेमुळेच तो जवळचा आहे. भक्ताने त्याच्या दुःखात सहभागी व्हावे, आणि तोच सहभाग पुढे दीनांच्या सेवेत उतरावा, हा टिळकांच्या कवितेचा गाभा आहे. ते त्याप्रमाणे वागलेही. १९१७ साली मिशनची वेतनी सेवा सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारण्याचा प्रयत्न केला.

परंतु या कवितेत पापाचे स्वरूप काय आहे? ते मुख्यतः भक्ताच्या अपात्रतेचे आहे. मी अपुरा, मी चंचल, मी तुझा विसर पाडणारा, ही पापाची भाषा. ती वारकरी अभंगातील आत्मनिंदेशी इतकी मिळतीजुळती आहे की, ख्रिस्ती आदिपापाची कल्पना तिच्यात विरघळून जाते. वधस्तंभावर प्रभू आहे, त्याच्या पायाशी भक्त आहे. ज्यांनी तो खांब उभा केला ते मात्र चित्रातून निघून गेले आहेत.

या ठिकाणी कोणी 'केवढे हे क्रौर्य!' या कवितेकडे लक्ष वेधील, आणि ते योग्यच होईल. पाठ्यपुस्तकांमुळे महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांना ती कविता पाठ आहे. शिकाऱ्याच्या बाणाने घायाळ झालेली पक्षिणी पिलांसाठी चारा घेऊन, पडत उठत घरट्याकडे जाते आणि तेथे प्राण सोडते. निष्पाप जीवाला दुःख देणारा हात येथे स्पष्ट दिसतो, आणि कवी त्याला क्रूर म्हणण्यास कचरत नाही. पण नेमक्या याच कवितेत ख्रिस्त नाही. जेथे टिळकांना दुरित उघड दिसले तेथे वधस्तंभ नाही. आणि जेथे वधस्तंभ आहे तेथे दुरित दिसत नाही. 'फुलामुलांचे कवी' आणि 'ख्रिस्तभक्त कवी' अशी जी दोन लेबले आपण टिळकांना लावली आहेत, त्यांमुळे ही फट आपल्या नजरेस आली नाही. निसर्गकविता एका प्रकरणात आणि भक्तिकविता दुसऱ्या प्रकरणात, अशी आपली मांडणी असते.

५

युक्रेनियन कवितेत ही फट नाही. तरास शेव्हचेन्को (१८१४–१८६१) जन्माने भूदास होता. १८३८ साली मोल देऊन त्याला मुक्त करण्यात आले. १८४५ साली त्याने 'कॉकेशस' ही कविता लिहिली. झारच्या फौजा त्या वेळी कॉकेशसमधील डोंगरी जमातींना जिंकण्यासाठी लढत होत्या, आणि कवीचा मित्र याकिव द बाल्मेन झारच्या सैन्यात असताना तेथे मारला गेला होता. कविता त्या मित्राला अर्पण केलेली आहे. पण कवीची सहानुभूती जमातींच्या बाजूने आहे. जे साम्राज्य चर्च बांधते, मेणबत्त्या लावते आणि दुसऱ्याची भूमी बळकावते, त्याकडे पाहून तो ख्रिस्तालाच विचारतो की, तू नेमका कोणासाठी क्रूसावर गेलास? त्याच वर्षी त्याने दाविदाची निवडक स्तोत्रेही आपल्या भाषेत नव्याने मांडली. १८४७ साली त्याला अटक झाली आणि सैनिक म्हणून हद्दपारी मिळाली. लिहिण्यास व चित्रे काढण्यास बंदी हा त्या शिक्षेचा भाग होता. परतल्यावर १८५९ साली त्याने 'मरिया' लिहिली. तीत येशूची आई ही एखाद्या राबणाऱ्या, फसवल्या गेलेल्या खेडवळ मुलीसारखी आहे.

लेस्या उक्राइन्का (१८७१–१९१३) हिने हा प्रश्न आणखी आत नेला. १९०१ साली, मरणोन्मुख मित्राच्या शय्येजवळ बसून, एका रात्रीत तिने 'झपाटलेली' या अर्थाचे शीर्षक असलेले नाट्यकाव्य लिहिले. त्यातील मिरियम मसीहावर इतके प्रेम करते की, त्याच्या शत्रूंवर प्रेम करणे तिला शक्य होत नाही. त्याने सांडलेले रक्त फुकटचे दान म्हणून स्वीकारणेही तिला जमत नाही. क्षमेची आज्ञा आणि अन्यायाची आठवण यांतले द्वंद्व तिने सोडवलेले नाही. तिने ते धगधगत ठेवले आहे. १९०५ च्या 'भुयारी दफनगृहांत' या नाट्यकाव्यात एक नवख्रिस्ती गुलाम धर्मगुरूला विचारतो की, स्वर्गातही धनीच असणार असेल तर मी जोखड का बदलले? आणि तो बंड करणाऱ्या गुलामांकडे निघून जातो. पुढे दोन्येत्स्क या कोळशाच्या व पोलादाच्या शहरात वाढलेला आणि १९८५ साली पेर्म प्रदेशातील छावणीत मरण पावलेला वासिल स्तुस याच्या कवितेतही वेदना ही आत्म्याची कसोटी आहे. पण त्यामुळे वेदना देणारी सत्ता निर्दोष ठरत नाही.

आता मूळ प्रश्न. शेव्हचेन्कोला जे जमले ते टिळकांना का जमले नाही? धैर्याचा अभाव हे उत्तर पूर्णतः चुकीचे आहे. जात, घर व आप्त सोडून जाणाऱ्या माणसाविषयी ते बोलणे अन्यायाचे होईल. माझ्या मते उत्तर असे आहे. शेव्हचेन्को आणि झार यांचा धर्मग्रंथ एकच होता. ज्या पुस्तकाची शपथ घेऊन सत्ता राज्य करीत होती, तेच पुस्तक उघडून कवीला तिच्यावर आरोप ठेवता येत होता. फिर्यादी आणि आरोपी यांच्यामध्ये एक समान कायदा होता. टिळकांच्या भोवतीची परिस्थिती याच्या उलट होती. जातिव्यवस्थेला त्यांनी ख्रिस्ताच्या नावाने दुरित म्हणावे, तर ते परक्या धर्माने केलेल्या निंदेत जमा झाले असते. स्वदेशाभिमानी टिळकांना ते सहन होणारे नव्हते. परकीय राज्याला त्यांनी ख्रिस्ताच्या नावाने दुरित म्हणावे, तर ज्या मंडळीत त्यांनी प्रवेश केला होता तिच्या आधारालाच हात लागला असता. दोन्ही बाजूंनी कोंडलेल्या या कवितेला एकच दार मोकळे होते, ते म्हणजे आपल्या स्वतःच्या अंतःकरणाचे. दुरित तेथे आत गेले आणि आत्मनिंदेचे रूप घेऊन राहिले.

म्हणून टिळकांच्या अभंगांतील मार्दव हे केवळ वारकरी वारशाचे फळ मानणे पुरेसे नाही. ते एका कोंडीचेही फळ आहे.

येथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. दुरिताकडे बोट दाखवणारी कविता धोक्याच्या कडेवरून चालत असते. शेव्हचेन्कोच्याच १८४१ मधील 'हायदामाकी' या दीर्घकाव्यात १७६८ च्या उठावातील पोलिश व ज्यू यांच्या कत्तलींचे चित्रण आहे, आणि ते वाचताना कवीची करुणा व सूडाची भूल यांतील सीमारेषा अनेकदा पुसट होते. दोषी बाहेर सापडला की माणूस स्वतःला निर्दोष समजू लागतो. टिळकांच्या कवितेला हा विकार कधीच जडला नाही. पसायदानातील मागण्याशी तिचे इमान कायम राहिले. तेव्हा एक परंपरा श्रेष्ठ आणि दुसरी कनिष्ठ असा निवाडा मला करावयाचा नाही. दोन्हींना एकमेकींची उणीव भासते, इतकेच म्हणावयाचे आहे.

६

मग दुरिताचा प्रश्न मराठीत कोणी विचारला? तो ख्रिस्ती म्हणवणाऱ्या कवींच्या वर्तुळाबाहेर विचारला गेला. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही. पण १८७३ च्या 'गुलामगिरी'त त्यांनी येशूला पश्चिमेकडे उदय पावलेला बळी म्हटले. या एका कल्पनेने त्यांनी वर सांगितलेली अडचण ओलांडली. बळी आपला, शेतकऱ्याच्या घरातला. त्याला पाताळात घालणारा वामनही येथलाच. फिर्यादी आणि आरोपी पुन्हा एका कथेत आले. येशूचे दुःख येथे भक्तीचा विषय होत नाही. ते एका अन्यायाची खूण होते. टिळकांनी ख्रिस्ताला तुकोबांच्या शेजारी नेऊन बसवले, फुल्यांनी बळीच्या. आपल्या अभ्यासक्रमांनी पहिले शेजार मान्य केले, दुसरे धर्मचर्चेच्या खात्यात टाकले.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर नागपुरात जो प्रवाह सुरू झाला त्याने हा प्रश्न बुद्धाच्या चौकटीत मांडला. डॉ. आंबेडकरांच्या धम्मविचारात दुःखाचे एक मोठे कारण माणसाने माणसाशी केलेला अन्याय हे आहे. 'गोलपिठा' (१९७२) आणि 'कोंडवाडा' (१९७४) या संग्रहांतील दुःखाला म्हणूनच देणारा आहे, गाव आहे, पत्ता आहे. उलट त्याच नागपूरच्या ग्रेस यांच्या कवितेत ख्रिस्ती प्रतिमा विपुल आहेत. १९७४ च्या त्यांच्या ललितबंधांच्या पुस्तकाचे नावच 'चर्चबेल' आहे. त्यांच्या कवितेत दुःखाला अपूर्व सौंदर्य लाभले, पण ते दुःख कोणी दिलेले नाही. ते संध्याकाळसारखे उतरत येते. टिळकांनी भक्तीत जे केले तेच ग्रेस यांनी सौंदर्यात केले. वधस्तंभ ठेवला आणि त्याच्या भोवतीची गर्दी पुसली.

गद्यात मात्र एक उजळ अपवाद आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त वडिलांच्या सोवळ्याने घराचा केलेला छळ आहे, पतीच्या धर्मांतराने ओढवलेली ताटातूट आहे, आणि त्या प्रत्येक दुःखाला जबाबदार कोण हे त्या हसत हसत, नाव घेऊन सांगतात. दोष सांगूनही द्वेष नाही. 'ख्रिस्तायन' पुढे नेणाऱ्या या बाईंनी जे पद्यात केले त्यापेक्षा या गद्यात अधिक ख्रिस्ती काम केले आहे, असे मला वाटते. लेस्या उक्राइन्काच्या मिरियमला जे जमले नाही, ते त्यांना साधले.

७

राजनांदगावचा उल्लेख वर आलाच आहे. टिळकांचा तो प्रवास झाला त्यानंतर पासष्ट वर्षांनी, १९५८ साली, गजानन माधव मुक्तिबोध तेथील दिग्विजय महाविद्यालयात शिकवावयास आले आणि १९६४ साली मृत्यू होईपर्यंत ते त्या गावाशी बांधलेले राहिले. त्यांची मातृभाषा मराठी, धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतील नामवंत कवी. ते स्वतः हिंदीचे झाले. त्यांच्या 'अँधेरे में' या दीर्घ कवितेत मध्यरात्रीच्या मिरवणुकीत शहरातले प्रतिष्ठित लोक, विद्वान आणि कवी हे एका कुख्यात मारेकऱ्यासह चालताना दिसतात, आणि ज्याने त्यांना पाहिले तोच अपराधी ठरतो. 'ब्रह्मराक्षस' मध्ये विद्वानाचे पाप घासूनही निघत नाही. दुरित येथे बाहेर आहे, चेहऱ्यांसह आहे. आणि त्याच वेळी ते आतही आहे. मुक्तिबोध ख्रिस्ती नव्हते, त्यांची निष्ठा मार्क्सवादाशी होती. परंतु सार्वजनिक दोष आणि वैयक्तिक दोष यांची जी गाठ टिळकांच्या हातून सुटली आणि शेव्हचेन्कोच्या हाती अर्धीच आली, ती येथे घट्ट बसली आहे.

राजनांदगावच्या वाटेवर आणि राजनांदगावात मराठी घरांतल्या दोन कवींनी पापाचा आणि वेदनेचा प्रश्न हाती घेतला, आणि त्यांना एकत्र वाचणारा अभ्यास मात्र आपल्याकडे रुजला नाही. एक मराठीच्या विभागात, दुसरा हिंदीच्या. एक धार्मिक, दुसरा पुरोगामी. भारतीय भाषांच्या नियतकालिकातही आपले विभाग शेजारी छापले जातात, पण ते एकमेकांशी बोलत नाहीत. भिलाईच्या उभारणीसाठी आलेल्या तंत्रज्ञांना येथे सरसकट 'रशियन' म्हणत. त्यांचे प्रमुख अभियंता दिमशित्स हे झापोरिझ्झ्याच्या युद्धात उद्ध्वस्त झालेल्या पोलाद कारखान्याच्या पुनर्बांधणीनंतर येथे आले होते, हे किती जणांना ठाऊक असेल? युक्रेनियन कविताही आपल्याकडे आली तर ती रशियन वा इंग्रजीच्या आडून आली. फेब्रुवारी २०२२ पासून त्या देशावर जे युद्ध लादले गेले आहे, त्यामुळे ही कविता आता जगभर वाचली जात आहे. भारतीय विद्यापीठांनी ती भाषा मुळातून शिकवण्याची सोय करावी, ही मागणी अवाजवी नाही.

आपल्या घरात तातडीने करता येण्याजोग्या गोष्टी याहून सोप्या आहेत. 'क्रिस्तपुराणा'तील मराठीस्तुतीच्या ओव्यांबरोबर देवदूतांच्या पतनाचे अवस्वरही अभ्यासक्रमात यावेत, आणि ते साष्टीच्या इतिहासासह शिकवले जावेत. टिळकांच्या अभंगांशेजारी तुकोबा असतातच; तेथे फुल्यांचा बळीही असावा. 'केवढे हे क्रौर्य!' ही कविता मुलांच्या पुस्तकातून काढून एकदा प्रौढांच्या वर्गात, वधस्तंभावरील अभंगांना लागून वाचली जावी. ख्रिस्ती कविता म्हणजे परक्या देवाची मराठी आरती, हा समज मग टिकणार नाही. निरपराधाला दुःख का भोगावे लागते हे विचारणारी आणि कोणामुळे भोगावे लागते हे विचारताना अडखळलेली, अशी ती कविता आहे. तिचे हे अडखळणे आपल्या समाजाच्या इतिहासातून आले आहे, आणि म्हणून ते समजून घेण्याची जबाबदारी त्या एका धर्मसमाजाची नाही. ती मराठीच्या सर्व अभ्यासकांची आहे.